पावसाळ्यातला दिवाणखाना

वडसा शहर व पंचक्रोशीतील तमाम मायबाप रसिकांना, आयाबहिणींना, आणि पाहुणा आला की त्याला खाटेवर बसवावं की पोत्यावर असा पेच ज्यांना पडतो अशा सर्व सभ्य गृहस्थांना या प्रकरणाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या घरी सोफासेट होता. लाल मखमलीचा होता. सोबत दिवाण होता, टीपॉय होता, कोरीव पायांच्या दोन खुर्च्या होत्या, काचेचं शोकेस होतं आणि छताला टांगायचं झुंबरही होतं. फक्त हे सगळं वैभव मृग लागला की घरात येई आणि दिवाळीची भाऊबीज झाली की निघून जाई, एवढी एक बाब रसिकांनी कृपया ध्यानात ठेवावी. मधल्या काळात आम्ही चटईवर बसत असू आणि कोणी विचारलंच तर चटई तब्येतीला चांगली असते असं सांगत असू.

बाबा आमचे नाटकांना सेट पुरवायचे. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मंडईची जत्रा भरते, लेकीजावई येतात, कोंबडं शिजतं आणि नाटक होतं. नाटक कुठलंही असो, त्यात एक दिवाणखाना लागतोच. तो आमचा असे. सोमवारी तो वकिलाचा, मंगळवारी गावच्या पाटलाचा, बुधवारी एखाद्या तस्कराचा. आमच्याच सोफ्यावर बसून जावई सासऱ्याचा अपमान करी, आमच्याच टीपॉयवर विषाचा पेला ठेवला जाई आणि आमच्याच दिवाणावर दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायकाची आई प्राण सोडी. होळीपर्यंत त्या दिवाणावर चाळीसेक बाया मरत असतील. होळीनंतर सगळं सामान अंगणातल्या मांडवात उतरे, बाबा दोन महिने त्याला खिळे मारत, रंग देत, आणि ढग दिसले की मांडव गळतो म्हणून ते घरात घेत. असा आमचा दिवाणखाना सजे.

हे सामान घरात राहायला बनलेलंच नव्हतं. टेम्पोत दोन माणसांनी फेकाफेक करून चढवता यावं म्हणून हलकं, आणि लोकांना दिसते तेवढीच बाजू देखणी. सोफ्याची पाठ म्हणजे चहाच्या पेट्यांच्या फळ्या, त्यावर उलटी छापलेली इंग्रजी अक्षरं आणि वाकवून ठोकलेले खिळे. शोकेसमधली पुस्तकं एका पुठ्ठ्यावर रंगवलेली होती. शाळेतल्या बाईंनी एकदा मला विचारलं, तुमच्याकडे एवढे ग्रंथ आहेत, तू कुठला वाचलास? मी म्हटलं, बाई, ते उघडत नाहीत. बाई गंभीर झाल्या. त्यांना वाटलं बाबा फार कडक आहेत.

त्या खोट्या सामानाचं खरं घर करायची आई. तिला कोणी शिकवलं नव्हतं. किराणा बांधून यायचा त्या रंगीत मासिकांच्या पानांवर कुठे कुठे मोठ्या शहरातल्या घरांचे फोटो असत. तेलाचा डाग पडलेली ती पानं ती गव्हाच्या डब्याखाली जपून ठेवी. मग बसे मशीनवर. तेंदूपानाच्या जुन्या बोऱ्यांचं गोणपाट धुऊन तिनं खिडक्यांना पडदे केले आणि त्यांना खाली जुन्या साडीचा जरीकाठ लावला. मच्छरदाणी पळसाच्या फुलांच्या पाण्यात रंगवून दिवाणावर झुलवली. मासे पकडायचा बांबूचा सापळा उलटा टांगून त्यात बल्ब सोडला, तर भिंतीवर जाळीची सावली पडून सगळी खोली नदीच्या तळाशी बसल्यासारखी दिसू लागली. ट्रॅक्टरच्या टायरला सुतळी गुंडाळून बैठक केली. आणि एका वर्षी गोधडीच्या कापडाची मोठी पिशवी शिवून तिच्यात धानाचा कोंडा भरला. तिच्यावर बसलं की माणूस खसखस आवाज करत कंबरेपर्यंत आत जाई. तिला आम्ही हत्तीचं पिलू म्हणत असू; दिवाळीनंतर टायर आणि पिलूही सेटबरोबर टेम्पोत जात. त्या पिलात रुतलेल्या एका मामांना बाहेर काढायला तीन माणसं लागली होती. मामा दुसऱ्या वर्षी आले ते उभेच राहिले.

पावसाळाभर त्या खोलीत लाखोरीच्या डाळीचा, भाताचा आणि वास्त्यांचा वास असे. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. आई ते बारीक चिरून, रात्रभर पाण्यात ठेवून त्यांची भाजी करी. बाहेर कौलांवरून धारा, आत मशीनची खडखड, आणि मखमलीला येणारा एक ओला, जुना वास, नाटकवाल्यांच्या पावडरीचा. मला तो वास श्रीमंतीचा वाटे.

एक गोष्ट मात्र आईला कधी जमली नाही. मांडणी बाबांची. बाबांचा जन्म रंगमंचाच्या मागे गेलेला. खोलीत सामान कसं ठेवतात याचं त्यांना एकच ज्ञान होतं: सगळ्यांची तोंडं प्रेक्षकांकडे. आमच्या घरी प्रेक्षकांच्या जागी अंगणाचं दार होतं. सोफा, दिवाण, खुर्च्या, टायर, हत्तीचं पिलू, सगळे भिंतीला पाठ लावून एका रांगेत दाराकडे बघत. आम्ही पण तसेच बसायचो. बाबा रांगेच्या मध्यभागी, आई डाव्या टोकाला, मी उजव्या. बाबांचा आवाज दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन शेतं, ओलांडून जाणारा. ते दाराकडे बघून म्हणत, "आज भाजीत मीठ कमी आहे." आई दाराकडे बघून म्हणे, "मग वरून घ्या ना जी." रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला वाटे आपल्यालाच सांगताहेत. शेजारच्या काकू एकदा दारात थबकून म्हणाल्या, "मी घेतो वं मीठ, पण मी जेवून आली."

आईनं एक-दोनदा खुर्ची फिरवून सोफ्यासमोर ठेवून पाहिली होती. बाबा अंगणातून आले की न बोलता परत फिरवत. "पाठ दिसते," म्हणत. "फळ्या दिसतात. बरं दिसते का?"

(माझ्या चंद्रपूरच्या फ्लॅटचं काम चाललं होतं तेव्हा लेकीनं एक इंटिरियरवाला पोरगा पाठवला. हुशार पोरगा. त्यानं लॅपटॉपवर हॉल दाखवला: भिंतीला लागून लांबच लांब सोफा, समोर टीव्ही, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. म्हणाला, आंटी, एकदम मॉडर्न. मी म्हटलं, बेटा, ही मांडणी आमच्या बाबांची आहे. तो खूश झाला. म्हणाला, अंकल आर्किटेक्ट होते का?)

मी नववीत होते त्या पावसाळ्यात आईच्या पायांना सूज आली. मग चेहऱ्याला. वडशाच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. बाबा तिला घेऊन गेले, चार दिवसांनी घेऊन आले. येताना तिच्यासाठी आकाशी रंगाचं पाच वार कापड आणि माझ्यासाठी कंपासपेटी आणली. बाबा कधी कापड आणत नसत. संध्याकाळी आम्ही रांगेत बसलो. बाबा दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "नागपुरात रस्ते लय रुंद करून राह्यले."

आई म्हणाली, "डाक्टर काय म्हणाले जी? मले बाहेर बसवून तुमच्याशी लय येळ बोलले."

"मीठ कमी कर म्हणाले."

"अर्धा तास मीठच का?"

"पाणीही कमी पे म्हणाले," बाबा दाराला म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

पुढचे कितीतरी दिवस हाच प्रवेश झाला. आई विचारी, बाबा दाराशी बोलत. नागपूरच्या दवाखान्याची लिफ्ट, तिथला जिना, जिन्यावर बसलेलं मांजर, सगळं त्यांनी वर्णन केलं. माणूस शेजारी बसलेला असला की त्याच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. ही सोय आमच्या मांडणीत होती आणि बाबांनी ती पुरेपूर वापरली.

डॉक्टर काय म्हणाले ते मला मांडवात कळलं. डोमाभाऊ आले होते. ते नाटक कंपनीचे मालक, दिग्दर्शक आणि म्हातारे झाल्यावरही नायक. पावसानं उघडीप दिली होती, म्हणून बाबा पडदे आणि एक खुर्ची बाहेर काढून तिच्या पायाला रंग देत होते. मी पडद्याच्या गठ्ठ्यामागे कंपासपेटीतल्या कर्कटकानं लाकडावर नाव कोरत होते. डोमाभाऊंनी वहिनींची तब्येत विचारली, आणि दोन बांध्या ओलांडणारा बाबांचा आवाज मला चार हातांवरून ऐकायला कष्ट पडले. "होळी नाई पाहणार म्हणे," बाबा म्हणाले. "दोन्ही किडन्या गेल्या. तिले नाई सांगतलं. माह्यानं सांगणं होत नाई, डोमा." मग ते पुन्हा रंग देऊ लागले. दिलेल्या रंगावरच देत राहिले. रंग ओघळून मातीत टिपकत होता.

मी आईला सांगितलं नाही. नाटकवाल्याची पोरगी, पण तो एक संवाद माझ्याही तोंडून निघाला नाही. आज या वयात मला याचा राग येत नाही, फक्त लाज वाटते, तीही पाऊस असला की.

आई त्या आकाशी कापडाचं पोलकं शिवेल असं वाटलं होतं. तिनं ते कापड जमिनीवर अंथरलं, सोफ्याची मापं घेतली आणि कापायला सुरुवात केली. मी विचारलं, काय करते? म्हणाली, "पाठ करतो." सोफ्याची, खुर्च्यांची, दिवाणाच्या कठड्याची, सगळ्यांची पाठ झाकणाऱ्या खोळी. बसून थकली की झोपून शिवी, हातानं. बोटं सुजलेली, सुई धरवत नसे, तर सुईला सुतळीचा तुकडा गुंडाळून जाड केली. खोळींना मागून बंद, कडेला पांढरी गोट, आणि प्रत्येक पाठीच्या मधोमध पांढऱ्या कापडाचं धानाचं लोंबर, म्हणजे लोंबी, लावलेलं. मी म्हटलं, "मागून कोण पाहते आई?"

"पाठ झाकली तं खुर्ची फिरवता येते वं," ती म्हणाली. "खुर्ची फिरली तं तुहा बाप माह्यासमोर बसन. समोर बसला तं त्याले खोटं बोलणं जमत नाई. लग्नाच्या येळी पाह्याले आला होता तं समोर बसला होता. मी विचारलं, शिकले किती? म्हणे, चवथी नापास. याच्या बापानं सातवी सांगतली होती." ती हसली आणि तिला धाप लागली. मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मले माहीत आहे बेबी काय ते. पण त्याच्या तोंडून आयकाचं आहे. एकट्यानं धरून बसला आहे तो."

खोळी भाऊबीजेच्या रात्री उशिरा पूर्ण झाल्या आणि मी त्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो दारात उभा राहिला. खुर्ची फिरवायला वेळच मिळाला नाही. आई दिवाणावर पडून होती, तिला उठवून चटईवर बसवलं आणि दिवाण उचलला. मी दारात आडवी झाले. मी बाबांना जे काय बोलले ते इथे लिहीत नाही, एवढंच सांगते की त्यातली निम्मी वाक्यं नाटकातल्या खलनायकाची होती, कारण भांडण कसं करतात हे मी तिथेच शिकले होते. बाबा म्हणाले, "शब्द देला आहे बेबी. पंचवीस माणसं आहेत कंपनीत. सोफा नाई गेला तं नाटक कशावर करतीन?" त्यांनी सामान चढवण्याआधी आईच्या खोळी एकेक करून सोडल्या, नीट घडी घातली आणि तिच्या उशाशी ठेवल्या. "मळतीन," म्हणाले. "मागून कोणाले दिसत नाई." त्यांना खरंच वाटत होतं की ते चांगलंच करताहेत.

सामान गेल्यावर घरात आवाज घुमतो. भांडं ठेवलं तरी घुमतो. दरवर्षी घुमायचा, पण त्या वर्षी आईच्या श्वासाचा घुमत होता. ती आठ दिवस चटईवर, खोळींच्या घडीवर डोकं ठेवून पडून राहिली. बाबा नाटकांसोबत गावोगाव, सकाळी तासभर येत, तिचं औषध पाहत आणि जात. बसत नसत. बसायला काही नव्हतंच.

आईनं आयुष्यात बाबांचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. कोणी म्हटलं तर म्हणायची, "मी पाच महिने त्या सोफ्याची धूळ झटकतो, आता त्याच्याकडे पाह्याले तिकीट काढू का?" त्या दिवशी सकाळी मात्र ती उठून बसली आणि मला म्हणाली, "सोफा माह्यापाशी थांबत नाई तं मी त्याच्यापाशी जातो. जीप सांग." आरमोरीच्या अलीकडच्या एका गावात त्या दिवशी मंडई होती. मी काळीपिवळी ठरवली. ड्रायव्हरनं पुढची सीट दिली. खोळींचं गाठोडं आईनं मांडीवर घेतलं, आणि रस्ताभर खड्डा आला की आधी गाठोडं सांभाळलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. मंडई भरत होती. जिलेबीच्या कढया, फुगे, बांगड्या. गावाबाहेरच्या बांधीत जमीन उतरती खोदून बैठक केली होती आणि पुढे मातीच्या ओट्यावर रंगमंच. नाटक रात्री, पण गावातली माणसं दुपारीच येऊन आपापले बोरे अंथरून जागा धरत होती. म्हातारी माणसं जागा राखायला बसून होती, पानतंबाखू चालली होती. पडदा बाजूला सारलेला. आणि रंगमंचावर, भर उन्हात, आमचा दिवाणखाना. सोफा मध्ये, खुर्च्या दोन्ही बाजूंना, सगळ्यांची तोंडं बोऱ्यांकडे.

बाबा शिडीवर चढून झुंबर बांधत होते. आईला पाहून तसेच थिजले. "तू कायले आली वं? कोणी आणलं?"

"माह्या घरी आली," आई म्हणाली. "उतरा खाली."

माझा हात धरून ती त्या मातीच्या पायऱ्या चढली. तीन पायऱ्या, प्रत्येकीवर थांबून. मग कामाला लागली. मी तिच्या हाताखाली. सोफ्याला खोळ चढवली, बंद बांधले. खुर्च्यांना चढवल्या. शोकेस कोपऱ्यात सरकवलं, टीपॉय मध्ये घेतला. एक खुर्ची मी तिच्या सांगण्यावरून गर्रकन फिरवली आणि सोफ्याच्या समोर ठेवली, प्रेक्षकांकडे पाठ करून. उन्हात ती आकाशी पाठ आणि तिच्यावरचं धानाचं लोंबर असं काही दिसलं की बोऱ्यांवर बसलेल्या दोन बाया उठून उभ्या राहिल्या. सोफाही तिनं जरा तिरका केला. दहा मिनिटांत ती खोली कोणीतरी राहत असलेली खोली झाली.

डोमाभाऊ आतून धावत आले. अर्ध्या चेहऱ्याला रंग लावून झाला होता. "वहिनी, हे काय करून राह्यल्या? पाठ करून बसलं तं लोक बोंबलतीन ना."

"रात्री फिरवून घ्या गा भाऊजी," आई म्हणाली. "दुपार माही आहे."

डोमाभाऊंनी बाबांकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. ते मला खांद्याला धरून विंगेत घेऊन गेले आणि तिथेच उभे राहिले. मलाही हलू दिलं नाही.

आई त्या फिरवलेल्या खुर्चीत बसली. सोफ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बसा." बाबा बसले. बसल्या बसल्या सवयीनं त्यांची मान समोर, लोकांकडे वळली. आई म्हणाली, "इकडं पाहा जी." त्यांनी पाहिलं. बाबांनी गुडघ्यावरचा चुना पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. आईनं शांतपणे, जणू भाजीचं विचारते आहे अशी, विचारलं, "आता सांगा. डाक्टर काय म्हणाले?"

बाबा पुढे झुकले. मी विंगेतून पाहत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. हा माणूस माईक बंद पडला तर दोन हजारांच्या गर्दीला एकट्यानं गप्प करायचा. मध्येच ते थांबले, डोळ्यांवर हात घेतला. आईनं टीपॉयवरून हात लांब करून त्यांचं मनगट धरलं, हात खाली घेतला आणि मान हलवली, पुढं सांगा म्हणून. ते सांगू लागले. समोरच्या बैठकीत बोरे झटकणं थांबलं होतं. कोणीतरी रडणाऱ्या पोराला गप्प केलं. पानतंबाखूवाले म्हातारे पुढं सरकून बसले. आता नाटक सुरू झालं असं सगळ्यांना वाटलं होतं आणि सगळे जीव कानात आणून ऐकत होते. शेवटी मागच्या बोऱ्यावरच्या एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि तोंडाशी हात धरून म्हणाला, "ओ भाऊ, जरा जोरानं बोला ना जी, इथी मांगं काईच आयकू येऊन नाई राह्यलं."